लंजे सर, भात आणि बोटभर कॉलम

गोंदिया जिल्ह्यात जन्माला येऊन भात न खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, लंजे सर. आमच्याकडे माणूस तापानं फणफणला की पेज पितो, बरा झाला की भात खातो, आणि नाहीच झाला बरा तर त्याच्या नावानं पिंडही भाताचाच ठेवतात. अशा मुलखात हा धडधाकट माणूस पंगतीत बसून ताटावर तळहात आडवा धरायचा आणि विचारायचा, "पोळी हाय का जी?" वाढणारा आधी त्यांच्याकडे बघायचा, मग शेजारच्याकडे. याला शुगर आहे की वेड, हे त्याला समजून घ्यायचं असायचं. शुगर नव्हती.

सर आमच्या फार्मसी कॉलेजात औषधांचं पृथक्करण शिकवायचे, म्हणजे एखाद्या गोळीत काय काय आहे आणि किती आहे ते शोधून काढायचं शास्त्र. मी त्यांच्या हाताखाली लागले. कॉलेज गोंदियाहून तिरोड्याला जाताना लागतं. तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, चौथ्या बाजूला राइस मिल, आणि प्रयोगशाळेत बारा महिने कोंड्याचा वास. माझं आडनाव पटले, गाव तिरोडा, आणि मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण सरांबरोबर काम करायला शांत माणूस पाहिजे होता आणि नेमकी मी मिळाले.

भाताची भानगड अशी. सरांनी पीएचडीला नाव घातलं त्याच उन्हाळ्यात वहिनींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, चुलतभावाचं लग्न होतं, कोहमाऱ्यापलीकडे एका खेड्यात. जावई डॉक्टर होणार ही बातमी मांडवात पोचली होती. एका म्हाताऱ्यानं येऊन सरांपुढे मनगट धरलं आणि म्हटलं, "पाय ना जवाईबापू, दोन दिस झाले, अंग कसकस करते." सरांनी त्यांना समजावलं की मी तो डॉक्टर नाही, मी दुसरा डॉक्टर, आणि तोही अजून झालो नाही. म्हाताऱ्यानं मनगट मागं घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मंग आलास कायले?"

एवढ्यावर थांबलं असतं. पण सरांचा साळा भात वाढत होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "भाऊजी, तुमी डॉक्टर होत तवरी आमचा धान दहा खेपा कापून होते. भात वाढू का थांबू?" पंगत हसली. सरांनी ताट बाजूला सरकवलं. "थांब. डॉक्टर झालो का मंगच वाढजो." बायकांच्या पंगतीत बसलेल्या वहिनींचा घास तिथंच थांबला, कारण त्या मांडवात या वाक्याचा अर्थ कळलेल्या त्या एकट्याच होत्या. वहिनींच्या माहेरी पोळपाट निघायचा तो होळीला, पुरणपोळीपुरता. बाकी वर्षभर भात. आता तो रोज निघणार होता, दोन्ही वेळा.

दोन-तीन वर्षांत आटपेल, असा सरांचा अंदाज होता. तेव्हा त्यांची मुलगी पाळण्यात होती. मी कॉलेजात लागले तेव्हा ती दहावीत होती आणि सर अजून पोळीच खात होते.

शपथ सरांची, पण घाम वहिनींचा. स्वतःसाठी आणि मुलीसाठी भात, सरांसाठी पोळ्या, असा दुहेरी स्वयंपाक. गोंदियाचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना तव्यासमोर उभं राहणं म्हणजे काय ते कळायचं नाही. सरांना पोळी तव्यावरून थेट ताटात लागायची, त्यामुळे ते जेवून उठेपर्यंत वहिनींचा भात गार. मी एकदा घरी गेले तर पदरानं मान पुसत म्हणाल्या, "काय सांगू बाई, नवरा शिकून राहिला आन मी भाजून राहिली." मग लाटणं माझ्याकडे रोखून विचारलं, "तुमी तं रोज पायता त्याहीले. किती राहिलं सांगा बरं खरं खरं." पीएचडीत किती राहिलं हे करणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता घोडं कुठं पेंड खात होतं ते सांगते. आमच्याकडे पृथक्करणाचं एक यंत्र होतं. त्याचा जीव असतो कॉलममध्ये. कॉलम म्हणजे स्टीलची नळी, आत पिठाहून बारीक पांढरे दाणे ठासून भरलेले. एका टोकानं औषधाचं पाणी दाबानं आत ढकलायचं, दुसऱ्या टोकानं त्यातली द्रव्यं एकेक करून बाहेर येतात आणि पडद्यावर प्रत्येकाची एक टेकडी उमटते. सर वर्गात हे पुस्तकातून कधीच सांगत नसत. "दवनीवाड्याचा बाजार डोऱ्यापुढं आणा," म्हणायचे. "एका गावच्या तीन बाया संगच बाजारात शिरल्या. एकीले फक्त मीठ पाहिजे, ते सरळ दुसऱ्या टोकानं बाहेर. दुसरी बांगड्यापाशी थांबली. तिसरी हर दुकानात भाव करून राहिली. तुमी बाहेरच्या टोकावर उभे राहा, तिघी अलग अलग निघतीन. झाली क्रोमॅटोग्राफी." एका पोरीनं विचारलं, तिसरीनं शेवटी काही घेतलंच नाही तर? सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तं ते आपल्या पटले मॅडम होत." वर्ग हसला आणि मी आठवडाभर सरांशी कामापुरतंच बोलले. त्यांना पत्ताही लागला नाही.

आमचा कॉलम जुन्या पद्धतीचा, वीतभराहून लांब, दाणे त्यातल्या त्यात मोठे. सर त्याला बाजीराव म्हणायचे. यंत्र सुरू करण्याआधी चप्पल बाहेर काढायची, बाजीरावाला दोन बोटं लावायची आणि विचारायचं, "काय म्हणते प्रेशर?" पंपाचा आकडा जास्त दिसला की त्या दिवशी पोरांना शिट्टी वाजवायची मनाई. शिट्टीचा आणि दाबाचा काय संबंध, असं मी विचारलं तर म्हणाले, "संबंध नाय, पण कायले रिस्क घ्याची?"

सरांचा विषय होता जंगलातला हिरडा. कुठल्या भागातल्या हिरड्यात कोणती औषधी द्रव्यं किती, हे त्यांना मोजायचं होतं. नमुने ढीगभर, आणि बाजीराव एका नमुन्याला पाऊण तास घ्यायचा. हा पाऊण तास सर गोष्ट सांगायचे. एकच गोष्ट. त्यांचे आजोबा, तलावाची पाळ आणि वाघ. सर कोहळी समाजाचे, त्यांच्या वाडवडिलांनी गावोगाव तलाव बांधले, आणि जगातला कुठलाही विषय ते तीन वाक्यांत तलावापाशी आणायचे. पहिली टेकडी उमटायची तेव्हा आजोबा पाळीवर पोचायचे, मधल्या टेकड्यांना वाघ यायचा, आणि शेवटची टेकडी खाली उतरेस्तोवर वाघ पाणी पिऊन निघून जायचा. गोष्ट आणि नमुना संगतीनं संपायचे. मध्येच लाइन गेली की नमुना वाया. मग लाइन आल्यावर नमुना पहिल्यापासून आणि आजोबाही पुन्हा घरून निघायचे. जनरेटर नव्हता का, असं लोक विचारतात. होता. त्याचंही सरांच्या पीएचडीसारखंच चाललं होतं.

अशात विद्यापीठानं कळवलं की दिवाळीपर्यंत प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द. मुदतवाढ आता मिळणार नाही. प्राचार्यांनी ही बातमी सरांना केबिनमध्ये बोलावून सांगितली. सर प्रयोगशाळेत आले आणि स्टुलावर बसून राहिले. मी म्हटलं, सर, नमुने किती उरलेत? ते म्हणाले, "बाजीरावाच्या चालीनं गेलो तं पोरीच्या लग्नापावतर." संध्याकाळी घरी त्यांनी हेच वहिनींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजला. "बाई, हे खरं हाय का? नाव कटलं तं हे डॉक्टर होत नाय. डॉक्टर नाय झाले तं भात खात नाय. मंग मी मरेस्तोवर लाटू?" मी म्हटलं, वहिनी, शपथ मोडायला सांगा त्यांना. त्या म्हणाल्या, "बाई, तलाव फुटन, पण या घरच्या माणसाचा शब्द नाय फुटत. येवढं साजरं खानदान पाहून देलं माह्या बापानं."

बाहेरच्या जगात कॉलम कुठवर गेलेत हे सरांना ठाऊक नव्हतं, असं मात्र कुणी समजू नये. त्यांना सगळं ठाऊक होतं. दाणे बारीक बारीक होत गेले आणि कॉलम आखूड होत गेले, पाऊण तासाचं काम दोन-तीन मिनिटांवर आलं, हे ते वर्षानुवर्षं पोरांना शिकवत होते. अडचण दाबाची. दाणा जितका बारीक तितकं पाणी ढकलायला जोर जास्त, आणि आमचा पंप बाजीरावालाच ढकलताना कण्हायचा. एक प्रकार असाही निघाला होता की दाणे नाहीतच, आत सगळा एकसंध सच्छिद्र पाव. सरांनी तो नाकारला. का, असं विचारलं तर म्हणाले, "पाव आपल्याकडं कोण खाते?" हे कारण त्यांनी प्राचार्यांनाही दिलं होतं.

त्यांना हवा होता तिसरा प्रकार. दाणा आतून ठोस, वर फक्त पातळ सच्छिद्र साल. हे समजावायला ते वर्गात बेसन लावून तळलेले शेंगदाणे घेऊन आले. "पाहा, औषधाचा कण फक्त बेसनात फिरते. आतल्या दाण्यात त्याले घुसताच येत नाय. मंग तो लवकर बाहेर निघते. आन दाणा फार बारीक नाय, मून आपला पंप मरत नाय." एकेक शेंगदाणा दाखवायचे आणि तोंडात टाकायचे. तास संपेपर्यंत पुरावा संपला. हा असा कॉलम मागवा म्हणून ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसायला लागले, आणि बसले की आजोबा घरून निघायचे. प्राचार्यांनी मंजुरी दिली ती विज्ञानासाठी नाही, सर केबिनमधून उठावेत म्हणून.

कॉलम आला. बोटभर. खोक्यात ठेवला तर खोकं रिकामं वाटावं एवढा. सर तो आधी घरी घेऊन गेले आणि मलाही बोलावलं. वहिनींनी खोक्याला हळद-कुंकू लावलं, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे येवढुसं? याच्यानं होते पीएचडी?"

"येवढुसं हाय मूनच होते."

"पोळ्या बंद होतीन ना पण?"

"होतीन."

वहिनींनी कॉलमला हात जोडले. मीही जोडले, न जोडून काय करते.

आणि इथून पुढं लंजे सरांमधला तलाववाला जागा झाला. त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या एकच धास्ती, गाळ. तलावात गाळ गेला की तलाव मेला. नव्या कॉलमची तोंडं इतकी बारीक की कचऱ्याचा एक कण गेला तरी संपलं, हे त्यांनी वाचलं होतं. म्हणून कॉलमच्या आधी त्यांनी एक गाळणी बसवली. बरोबरच होतं. मग त्या गाळणीच्या आधी दुसरी. मग दोघींच्या मध्ये एक छोटा राखणदार कॉलम, त्याच्या आधी अजून एक राखणदार. एवढं सामान यंत्राच्या पोटात मावेना, म्हणून कपाटातून जुनी जाड भोकाची लांब नळी काढून सगळं टेबलावर पसरून जोडलं. मी म्हटलं, सर, हे कॉलम कमी आणि नळ-पाइपचं दुकान जास्त दिसतं. ते म्हणाले, "मॅडम, गाळ दिसत नाय तवरीच त्याची सोय कराची असते."

पहिला नमुना टाकला. सर स्टुलावर, मी मागं उभी. टेकड्या आल्या, पण कशा? फुगलेल्या, पसरलेल्या, एकीचा पाय दुसरीच्या अंगावर. बाजीरावाच्या टेकड्या याहून शंभर पट बऱ्या. पुन्हा टाकला, तेच. सरांना वाटलं कचरा शिरतोय, म्हणून तिसरी गाळणी लावली. टेकड्या आणखी फुगल्या. आठवडाभर हेच चाललं. शेवटी सर म्हणाले, "कॉलमच नासका निघाला." खोक्यावरचं कुंकू अजून पुसलंही नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, गोष्ट सांगितली नाही, जाताना बाजीरावाला बोटंही लावली नाहीत. दिवाळी जवळ येत चालली होती. खरं सांगते, मला रडू येत होतं, आणि मला रडू आलं की मी भांडते. सरांशी भांडले. दुसरा मागवा म्हटलं. ते म्हणाले, दुसरा येईस्तोवर मुदत जाते.

त्या रविवारी सरांच्या गावी तलावाच्या पाण्यावरून बैठक होती. वहिनी म्हणाल्या, चला बाई, हे गाडीत तोंड उघडत नाहीत, मला सोबत होईल. गेलो. पाळीवर लोक जमले होते. तक्रार अशी की तलाव भरलेला आहे, पण शेवटच्या बांध्यांपर्यंत पाणी वेळेवर पोचत नाही. जे पोचतं ते मरतुकडं. तलावातच दोष आहे, असं एक जण म्हणाला. झालं. सरांच्या आजोबांच्या तलावात दोष? मौनव्रत तिथंच सुटलं. सर पाटाच्या काठावर उभे राहिले आणि बोलायला लागले.

"तलावाले कायले नावं ठेवता? पाट पाहा ना तुमचा. जेसीबी लावून येवढा रुंद कोणं केला? ट्रक जाईन याच्यातून. आन गाळ थांबवाले मून मधात हे डबके काऊन खोदले, एक, दोन, तीन? पाणी येते, इथं पसरते, लोळते, मंग उठते, फिरून पसरते. तलाव बराबर हाय. तुमी वाटच अशी लांबरुंद करून ठेवली का पाणी..."

तिथं सर थांबले. तोंड उघडंच. एक हात डबक्याकडे, दुसरा पाटाकडे. लोकांना वाटलं चक्कर आली. एकानं पाणी आणलं. सर हळूच वळले आणि माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि आमच्या दोघांच्याही डोळ्यापुढं ते टेबलावर पसरलेलं नळ-पाइपचं दुकान आलं. "पटले मॅडम," ते म्हणाले, "आपण गाढव आहो." आपण म्हणाले. गाळण्या लावल्या कुणी आणि गाढव कोण कोण. पण ती वेळ नव्हती. "गाडीत बसा," म्हणाले आणि बैठक तशीच टाकून निघाले. मागून कुणी तरी ओरडत होतं, "अजी, मंग पाटाचं काय करू?" सर धावता धावता म्हणाले, "अरुंद करा."

कॉलेज रविवारी बंद. किल्ली घेतली, चप्पल बाहेर काढायचीही आठवण राहिली नाही. दोन गाळण्या काढल्या, राखणदार काढले, जाड नळी फेकली. केसासारख्या भोकाची एक टीचभर नळी लावली आणि एकच गाळणी ठेवली. वहिनी स्टुलावर बसल्या. पहिल्यांदाच आल्या होत्या, यंत्राकडे टक लावून बघत होत्या, जणू सवत कोण आहे ते आता कळलं. नमुना टाकला. सरांना सवय, त्यांनी सुरुवात केली, "माहे आजोबा त्या दिवशी घरून निघाले..." आणि पडद्यावर पहिली टेकडी उभी राहिली. बारीक, सरळ, बाभळीच्या काट्यासारखी. लगेच दुसरी. तिसरी. आजोबा अजून पायात चप्पल घालत होते, तोवर सगळ्या येऊन गेल्या. प्रत्येक सुटी, कुणाचा पाय कुणावर नाही.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं."

"येवढ्यात?" त्या माझ्याकडे वळल्या. "मंग येवढे दिवस हे इथं काय करून राहिले होते?"

याचं उत्तर मी दिलं नाही, माणसाचा संसार मोडू नये.

पुढचे काही आठवडे यंत्र धडाधड चाललं. बाजीरावाला धुऊन, टोप्या लावून कपाटात ठेवला. दिवसभरात जे नमुने व्हायचे ते आधी महिन्यात होत नसत. एकच नुकसान झालं. तीन मिनिटांत गोष्ट होईना. आजोबा कधी अंगणापर्यंत जायचे, कधी वेशीपर्यंत, की नमुना संपला. त्या वर्षीच्या पोरांना वाघ कधी दिसलाच नाही. त्यांना आजही वाटतं की ती एका म्हाताऱ्याच्या चपलेची गोष्ट आहे.

प्रबंध दिवाळीआधी गेला. तोंडी परीक्षा पुढच्या धान कापणीला ठरली. तपासायला पुण्याहून एक सर आले, चष्मा नाकावर, बोलणं तोलून मापून. परीक्षा सर्वांसाठी खुली असते, म्हणून शेवटच्या रांगेत वहिनी, मुलगी आणि तो साळाही आला होता. बाहेरच्या सरांनी विचारलं, "वेगच हवा होता, तर जुन्याच कॉलममधून द्रावण जोरात का ढकललं नाही?" लंजे सर म्हणाले, "तसं केलं तं ढकलाढकलीत बाया एकमेकीत मिसळून जातीन, सर." पुण्याच्या सरांनी चष्मा काढला. "कोणत्या बाया?" मी कपाळाला हात लावला. सरांनी दवनीवाड्याचा बाजार उभा केला. मग पाट सांगितला, जेसीबी, डबकी, गाळण्या, सगळं. स्वतःची चूक जशीच्या तशी सांगितली, लपवलं काही नाही. पुण्याचे सर आता पुढं झुकून ऐकत होते. आणि तेवढ्यात लंजे सरांना काय आठवलं कोण जाणे, ते म्हणाले, "त्या तलावाची एक गोष्टच हाय. माहे आजोबा..."

"अजी," शेवटच्या रांगेतून वहिनींचा आवाज आला. "वाघ नंतर."

सगळे वळून बघायला लागले. पुण्याचे सर हसले ते किती तरी वेळ हसतच राहिले, आणि हसता हसताच त्यांनी सही केली. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "वाघाचं काय आहे?" मी म्हटलं, सर, त्याला पाऊण तास लागतो.

संध्याकाळी सरांच्या घरी जेवण. मी तोवर नागपूरच्या एका कंपनीत नोकरी धरली होती आणि रात्रीच्या बसनं निघायचं होतं, त्यामुळे बॅग घेऊनच गेले. वहिनींनी नव्या धानाचा चिन्नोर, आमच्याकडचा वासाचा तांदूळ, शिजवला होता. वास फाटकापर्यंत. साळ्यानं हट्ट करून स्वतः वाढलं. भाताचा ढीग, मध्ये खळगा, खळग्यात वरण, वर तूप. "भाऊजी," तो म्हणाला, "दहा नाय, जास्तच खेपा कापला धान. जेवा आता." त्याचा आवाज जरा ओला होता. सरांनी भाताला हात जोडले. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. वहिनी दारात उभ्या होत्या, पदराचं टोक दातात. मुलगी मोबाईलवर शूटिंग करत होती. तिसरा घास सरांनी जरा हळू घेतला. मग चौथा उचलला, ठेवला, बोटानं वरण इकडचं तिकडं केलं. वहिनींकडे बघितलं आणि इतक्या बारीक आवाजात बोलले की मी शेजारी होते म्हणून ऐकलं.

"साजरा हाय. पण सवय सुटली ना. एखादी पोळी..."

साळ्याच्या हातातला चमचा खाली पडला. मला वाटलं आता भांडण, आणि वहिनींच्या बाजूनं भांडायला मी पदर खोचूनच बसले होते. वहिनी आत गेल्या. पोळपाट, लाटणं आणि कणकेची परात घेऊन बाहेर आल्या आणि सगळं सरांपुढं मांडलं.

"घ्या, डॉक्टर."

आणि सरांच्या ताटासमोर मांडी घालून बसल्या. ताट स्वतःकडे ओढलं. तुपाची वाफ अजून वर येत होती. पहिला गरम घास तोंडात गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. घाईनं उघडले नाहीत.

मी बसची वेळ झाली म्हणून उठले. फाटकापाशी चप्पल घालताना मागं वळून पाहिलं. डॉक्टर लंजे जमिनीवर बसले होते, नाकावर पीठ, आणि लाटलेली पोळी दोन्ही हातांनी ट्यूबलाइटपुढं धरून तिची जाडी तपासत होते. ती कुठल्या देशाच्या नकाशासारखीही नव्हती. "मधात जाड राहिली," ते स्वतःशीच म्हणाले. "एकसारखी पाहिजे, नाय तं उष्णता बराबर जात नाय. फिरून लाटतो. थांबा, आत्ता होते."

"होऊ द्या जी," वहिनी भातावरून मान न उचलता म्हणाल्या. "मले आता काही घाई नाही."